अंगावरील खुणा

हॉबर्टच्या दफ्तरखान्यात तो मला सापडला
तेव्हा बाहेर पार्किंगची मुदत संपत आली होती.
एबनेझर पिम, वय बावीस.
काम: शेत नांगरणं. वाचता येतं, लिहिता येत नाही.
गुन्हा: एक लगाम.
घोडा नाही. नुसता लगाम.
त्यासाठी काळ्या पाण्याची सात वर्षं.

आमच्या घरी तो खलाशी होता.
आपखुशीने आलेला, समुद्राचा नाद असलेला,
ह्युऑनच्या खोऱ्यात सफरचंदाचं कलम
म्हणे ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन उतरलेला.
घरच्या बायबलचं पहिलं पान कुणीतरी
इतक्या सफाईने कापलं होतं
की मला वाटायचं सगळी बायबलं
दुसऱ्या पानापासूनच सुरू होतात.
केझाया आत्याला विचारलं
तर जॅमच्या पातेल्यातून नजर न काढता ती म्हणायची:
नदीचं मूळ विचारू नये, माणसाचं कूळ विचारू नये,
आणि चिखलाचे बूट घालून माझ्या फरशीवर उभं राहू नये.

कारकुनाने त्याला उघडा करून मोजला असणार.
उंची पाच फूट अडीच इंच, अनवाणी.
केस तांबूस, भुवया विरळ, डाव्या कानाची पाळी फाटलेली.
शेवटचा रकाना अंगावरील खुणांचा:
उजव्या दंडावर गोंदलेला नांगर.
जहाजाचा. शेताचा नव्हे.
(म्हणजे घरच्यांचं खोटं अगदीच खोटं नव्हतं.
एक नांगर सुटला, दुसरा मिळाला.)
त्याखाली अक्षरं. जे. पी., एस. पी., टी. पी.
आणि मनगटाच्या आतल्या बाजूला
एकटंच, के.

लिहिता न येणाऱ्या माणसाने
सगळं घर हातावर लिहून घेतलं होतं,
बोटीच्या पोटात, काजळी आणि सुई घेऊन बसलेल्या
कुणा सोबत्याकडून, बहुधा चिमूटभर तंबाखूवर.
सामान जप्त होतं.
कातडीची जप्ती कशी करणार?

लिंकनशायरच्या त्या गावी मी पत्र टाकलं.
अकरा आठवड्यांनी चर्चमधल्या थर्लबीबाईंचं उत्तर आलं,
बारीक, तिरक्या अक्षरात:
जे म्हणजे जोनास, बाप, दलदलीत चर खणणारा.
एस म्हणजे सुझाना, आई.
टी म्हणजे टॅबिथा, बहीण,
हिवतापाने गेली, वय नऊ.
के कोण ते सापडत नाही.
त्या काळातली एक वही पुरात भिजली,
तिची पानं आता एकमेकांना सोडत नाहीत.

के नाही, तर नाही.
पण इकडे, या बेटावर, सुटकेनंतर
ऑनर ड्रे नावाच्या बाईशी त्याने लग्न केलं,
सहा मुलांची नावं तिच्या माहेरची ठेवली
आणि सातवीचं ठेवलं केझाया.
तेव्हापासून पिढीत एक केझाया असतेच.
पुरावा म्हणाल तर काही नाही.
मला फक्त ऑनर दिसते,
पहाटे गाय धरून उभी,
आणि धार काढणाऱ्या मनगटावरचं ते अक्षर
रोज तिच्याकडे बघतंय.
तिने विचारलं असेल का?
की तिलाही कुणी सांगून ठेवलं होतं
नदीबद्दल, कुळाबद्दल?

आत्या आता एक्याण्णवची, फ्रँकलिनच्या वृद्धाश्रमात.
कागदाची प्रत तिच्या मांडीवर ठेवली.
भिंगाखालून एकेक अक्षर सरकत गेलं,
के पाशी भिंग थांबलं.
कापलेल्या पानाबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.
'मला हे नाव कधीच आवडलं नाही,' ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने,
'उंची किती म्हणालीस?'
पाच फूट अडीच इंच.
'हं. म्हणजे जॅमच्या वरच्या फळीला
त्याचाही हात पोचला नसता.'